अ‍ॅव्हेंजरचा चॉपर करून घेताना १,५३,२५० रुपयांना कसा बुडालो

आधीच सांगून टाकतो, मी एका मशीन शॉपमध्ये क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. सतरा वर्षं झाली. दिवसाचे आठ तास हातात व्हर्नियर नाहीतर मायक्रोमीटर. वीस मायक्रॉन जास्त निघाले तर अख्खा लॉट परत पाठवतो, म्हणून सप्लायर मला शिव्या घालतात. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी पाच इंचांना फसलोय.

गाडी माझी २०१६ ची बजाजची अ‍ॅव्हेंजर क्रूझ २२० मोटारसायकल. बोनसच्या पैशांतून घेतलेली, ६१,००० किलोमीटर पळालेली, एकदा लोणावळ्यात घसरून पडलेली. तेव्हापासून पुढच्या डाव्या फोर्कवर, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या नळीवर, बोटभर ओरखडा होता. तो लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. गाडीला काहीही झालेलं नव्हतं. खाज मला होती. चाळिशी ओलांडली की कुणी ट्रेकिंगला लागतं, कुणी गिटार आणतं, मला लांब फोर्कचा, रुंद मागच्या टायरचा चॉपर हवा होता.

वर्कशॉपचे रील बघून गाडी दिली का, असं विचाराल. नाही. रील बघितले, पण तीन वेळा वर्कशॉपला जाऊन आलो. ऑफिसातल्या एकाने तिथे सीट बनवून घेतली होती, ती झकास होती. वेल्डिंग चालू होतं, दोन पोरं काम करत होती, भिंतीला टाक्या टांगलेल्या होत्या. आता कळतं की सीट चांगली शिवणारा माणूस गाडीची भूमिती बिघडवू शकतो, या दोन गोष्टींचा एकमेकांशी काही संबंध नाही. तेव्हा मात्र मी स्वतःला चौकस समजत होतो.

ठरले १,१५,०००. पुढे पाच इंच लांब फोर्क, ‘इम्पोर्टेड’ टी (फोर्कच्या दोन्ही नळ्या धरणारा आडवा भाग), मागे १७० मिलिमीटर रुंदीचा टायर, नवा रिम, उंच हँडल, सायलेन्सर, रंग. १० ऑगस्ट २०२४ ला गाडी दिली. गणपतीच्या आत मिळणार होती, मिळाली दसऱ्याच्या आदल्या दिवशी. मधले दोन महिने कसे गेले ते लिहीत नाही. ‘पार्ट पोर्टला अडकलाय’, ‘पेंटरच्या घरी वारलंय कुणीतरी’, ही रेकॉर्ड सगळ्यांनी ऐकलेली आहे. पैसे मात्र असे गेले: ४०,००० पहिल्या दिवशी, २५,००० टायर-रिमसाठी, १८,५०० रोख फोर्क आणि टीसाठी, २२,००० रंगाला, ९,५०० ताबा घेताना. शिवाय ‘सीटचा फोम वेगळा लागला’ म्हणून ६,८००. एकूण १,२१,८००. बायकोला मी ६५,००० सांगितले होते.

आणि बिल? बिल हवं असेल तर वर १८ टक्के, म्हणाला. म्हणजे २०,७०० रुपये. मी शहाणा, मी वाचवले. यूपीआयने पाठवताना शेऱ्यात ‘उसने’ लिहा म्हणाला, तेही लिहिलं. तीन वेळा, तीन वेगळ्या नावांच्या खात्यांवर. पैसे घेणारा तुम्हाला शेऱ्यात काय लिहायचं ते सांगू लागला की फोन खिशात घाला आणि घरी या.

आता तो दिवस. रोज रात्री मी तो पुन्हा बघतो.

शुक्रवार, संध्याकाळचे साडेपाच. गाडी दिसत होती, खोटं कशाला बोलू, राजासारखी. राखाडी मॅट रंग, पुढे काळे रबरी भाते चढवलेले लांब फोर्क. मी स्टँड काढून ती आवारातून मागे घेतली, तर हँडल धप्पकन डावीकडे पडलं. माझ्या हाताने वळलं नाही, स्वतःच्या वजनाने पडलं. मी दोन्ही हातांनी धरलं. मालक हसला. “सर, चॉपर अशीच असते. हात बसायला लागतो. शिवाय कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, नवा आहे, ५०० किलोमीटर होऊ द्या, रुळेल.”

मग ट्रायल. त्याने एक पोरगा अ‍ॅक्टिव्हावर पुढे दिला, ‘रस्ता दाखवायला’. मी त्याच्या मागे. सर्व्हिस रोड, सरळसोट, नवा डांबरी. गाडी लोण्यासारखी गेली. चाळीस, पन्नास, साठ. हँडलवर दोन बोटं ठेवून चालवली. मी हेल्मेटच्या आत चक्क गात होतो. परतायला भुयारी मार्गापाशी वळायचं होतं, तिथे पोरगा थांबला आणि म्हणाला, “काका, इथून उतरून ढकलत वळवा, खडी आहे. नवा रंग आहे, पडली तर जीव जाईल तुमचा.”

खडी होती का? होती. मूठभर. मी उतरलो, गाडी ढकलत वळवली, आणि त्या पोराला थँक्यू म्हणालो.

हेच ते. चार किलोमीटरच्या ट्रायलमध्ये मी एकही वळण घेतलं नव्हतं, आणि ते मला घेऊ दिलं नव्हतं. लांब फोर्क टाकला की पुढचं चाक पुढे जातं, फोर्कचा कोन आडवा पडतो, ट्रेल (हँडलच्या रेषेपासून चाक टेकतं तिथपर्यंतचं जमिनीवरचं अंतर) वाढतो. अशी गाडी सरळ रस्त्यावर रुळावरून चालल्यासारखी जाते, मूळच्यापेक्षाही निवांत वाटते. तिचं खरं रूप कळतं ते कमी वेगात वळवताना आणि घाटात. हे मला माहीत होतं! लेखी माहीत होतं. मी स्वतः ऑफिसात दोघांना समजावून सांगितलं होतं. कस्टम गाडीची ट्रायल घेताना रिकाम्या पटांगणात इंग्रजी आठचा आकडा काढा, दोन्ही बाजूंनी, पहिल्या गिअरमध्ये. मग साठला हँडलवरची पकड सैल करून बघा, ती एका बाजूला ओढते का. मग ब्रेक. रस्ता तुम्ही निवडा, त्याने नाही.

२० ऑक्टोबर, रविवार. साताऱ्याला चुलतभावाच्या मुलीचं बारसं करून आम्ही दोघं परत येत होतो. खंबाटकीचा बोगदा संपला की उताराला ते एस वळण आहे, साताऱ्याकडून येणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. वेग सत्तर असेल. पहिलं वळण घेताना गाडी झुकायला तयार नव्हती, बाहेर ओढत होती. जोर लावला, तर एकदम आत पडली. दुसऱ्या वळणाला सरळ करताना हँडल थरथरू लागलं. थरथर म्हणजे आरशात मागचा ट्रक दिसेनासा झाला इतकी. मागे बायको, तिच्या मांडीवर बारशाच्या डब्यांची पिशवी. ब्रेक मारला नाही, थ्रॉटल हळूहळू सोडला, एवढंच त्या दिवशी बरोबर केलं. गाडी कडेला लागली तेव्हा पाय लटपटत होते. ती काही बोलली नाही. पिशवी घेऊन दगडावर जाऊन बसली.

शिरवळपर्यंत वीसच्या स्पीडने आणली. तिथे एक ट्रॅक्टर दुरुस्त करणारे मिस्त्री होते. त्यांनी पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल हलवलं, मग काही न बोलता पान्याने एका भात्याची क्लिप सोडली आणि रबर खाली सरकवलं. आत, खालच्या टीच्या बरोबर खाली, पाइपभोवती गोल वेल्डिंगची कडी. ग्राइंडरने घासून वर चंदेरी स्प्रे मारलेला. नख फिरवलं तर अडकत होतं. म्हणजे ‘इम्पोर्टेड’ फोर्क नव्हताच. कापलेल्या नळीला पाच इंचांचा तुकडा टाका मारून जोडलेला. भाते शोभेला नव्हते, झाकायला होते. मिस्त्री म्हणाले, “साहेब, हे तुटलं असतं तर तुम्ही हे विचारायला आला नसता.” पैसे घेतले नाहीत.

घरी आल्यावर मग मी माझं काम केलं, जे दहा दिवस आधी करायचं होतं. मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंनी सुतळी ताणून पुढच्या चाकापर्यंत नेली आणि अंतर मोजलं. मागचं चाक ११ मिलिमीटर उजवीकडे. १७० चा टायर चिमट्यात, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांत, बसेना आणि चेनला घासायला लागला, तर स्पेसर (अंतर राखणारी कडी) घालून चाकच बाजूला ढकललेलं. सुतळी दहा रुपयांची येते. रिमही नवा नाही, १३० च्या टायरचा माझाच जुना, रंगवलेला. त्यावर १७० चा आवळून बसवलेला. टायरच्या कडेला चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. माझ्या ‘नव्या’ टायरवर २३१७ होतं. २०१७ चा तेविसावा आठवडा. सात वर्षांचा!

जुने पार्ट गोणीत भरून दिले होते, तोंड तारेने बांधून. उघडली तर त्यात फोर्क होता, पण त्यावर ओरखडा नव्हता. लोणावळ्याचा माझा ओरखडा कुठल्या तरी दुसऱ्या गाडीवर फिरतोय, किंवा भंगारात आहे. जुने पार्ट काढायच्या आधी त्यांवर खूण करा, फोटो काढा, गोणी त्याच्यासमोर उघडा. लाज वाटते? मलाही वाटली होती.

वर्कशॉपवर गेलो तर आधी “फोर्कला काय झालंय, दाखवा तरी”, मग “तुम्हीच स्वस्तात करा म्हणालात”, मग शेजारच्या दोघांना बोलावून “सर, आवाज चढवू नका”. तिसऱ्या दिवसापासून फोन बंद.

पोलीस चौकीत गेलो. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी साहेब जेवायला. तिसऱ्या दिवशी हवालदारांनी माझं ऐकून घेतलं, यूपीआयच्या नोंदी बघितल्या, आणि ‘उसने’ वर बोट ठेवलं. “ही उसनवारी आहे. दिवाणी मॅटर. कोर्टात जा.” मी म्हटलं, साहेब, फसवणुकीचं कलम आहे, पूर्वीचं ४२०, आता भारतीय न्याय संहितेत ३१८. त्यांनी मान वर केली. “एवढं माहीत आहे तर हेही माहीत असेल की गाडीत असा बदल करणंच बेकायदा आहे?” आणि ते खरं आहे, हेच तर दुखणं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेली रचना बदलता येत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलंय, आणि १८२-अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. फोर्क, टायर, हँडल, सायलेन्सर. मोजा. चौकीत उभं राहून मी मनातल्या मनात मोजत होतो आणि ते माझ्याकडे बघत होते.

आरटीओत गेलो, की निदान अशा वर्कशॉपवर काही कारवाई होते का विचारावं. खिडकीवरच्या बाईंनी दुसऱ्या खिडकीला पाठवलं, दुसरीने मजल्यावर, मजल्यावरच्यांनी विचारलं, “गाडी आणलीय का? नोंदणी निलंबित करायला लागेल.” माझी! बदल करणाऱ्याची पाटी हायवेवर दिव्यांसकट झळकतेय, तिच्याखालून यांच्या गाड्या रोज जातात, आणि नोंदणी माझी निलंबित. वकिलाकडे गेलो तर पहिला प्रश्न “बिल?” आणि दुसरा “माझी फी पंधरा हजार.” म्हणजे २०,७०० वाचवण्याच्या नादात माझ्या हातात दाखवायला कागदच उरला नाही. या धंद्यातल्या लबाडांना हे पक्कं माहीत असतं: गिऱ्हाईक स्वतःच अर्धा गुन्हेगार, तो जाणार कुठे?

तरी जातोय. जिल्हा ग्राहक आयोगात मोबदला ५ लाखांच्या आत असेल तर तक्रारीला फी नाही, वकील लागतोच असंही नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. अर्ज मी स्वतः लिहिलाय. सोबत वेल्डिंगचे फोटो, सुतळीची मापं आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे त्याचे शब्द जोडलेत. फोनवर ठरवलेली प्रत्येक गोष्ट नंतर मेसेजमध्ये लिहून त्याच्याकडून ‘ओके’ घ्या. माझ्याकडे असे चारच ‘ओके’ आहेत आणि आता तेच माझे कागद.

गाडी मूळ रूपात आणायला फोर्क, टी, कोनसेट, रिम, टायर, सायलेन्सर, मजुरी मिळून ३१,४५० गेले. बायकोला आता खरा आकडा माहीत आहे. ती एवढंच म्हणाली, “आणि वर थँक्यू म्हणालास?”

माझ्या गाडीचा रील त्याने अजून लावलेला आहे. तोच सर्व्हिस रोड, तोच सरळ तुकडा, संध्याकाळचं ऊन. खाली एका मुलाने विचारलं होतं, ‘दादा टोटल खर्च किती?’ मी उत्तर दिलं: ‘१,२१,८००. आणि यांना म्हणावं, वळवून दाखवा.’ दहा मिनिटांत मला ब्लॉक केलं.