व्हेप की निकोटिन गम? दोन्ही करून बसलेल्याचा हिशोब

सिगारेट सोडायची म्हटली की सांगलीत सल्ल्यांना तोटा नाही. यार्डातला शेजारचा अडत्या म्हणाला, "गम घे, मेडिकलला मिळतोय." पुण्यात शिकणारा भाचा म्हणाला, "मामा, व्हेप घ्या, वाससुद्धा येत नाही." रोजच्या बारा सिगारेटी होत्या. मी आधी भाच्याचं ऐकलं, अडत्याचं नंतर.

व्हेपची, म्हणजे ई-सिगारेटची, बाजू आधी सांगतो. बॅटरीवर चालणारी नळी, आतलं निकोटिनचं द्रव तापतं आणि त्याची वाफ ओढायची. त्यात तंबाखू जळत नाही, म्हणजे धुरातलं डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड टळतं. ओढायची सवय तशीच राहते, त्यामुळे तलफही लवकर शमते. ब्रिटनमध्ये 886 जणांवर झालेली एक चाचणी 2019 साली प्रसिद्ध झाली. वर्षभरानंतर व्हेपवाल्यांपैकी 18 टक्के सिगारेटीपासून लांब होते, निकोटिनचा गम किंवा पॅच (कातडीवर लावायची पट्टी) यांसारखी औषधं घेणाऱ्यांपैकी 9.9 टक्के. हा आकडा भाच्यानेही मला दाखवला होता. त्याखालचा मात्र दाखवला नाही: व्हेपने सिगारेट सुटलेल्यांपैकी 80 टक्के लोक वर्षानंतरही व्हेप ओढतच होते. गम-पॅचवाल्यांत हेच प्रमाण 9 टक्के.

ते का, हे मला आठवडाभरात कळलं. सिगारेट संपते. थोटूक विझवलं की माणूस कामाला लागतो. व्हेप संपतच नाही. गल्ल्यावर बसून एक झुरका, जिन्यात एक, रात्री दोनला जाग आली तर उशाशी आहेच. बाराचा हिशोब तरी होता, इथे मोजणार काय? त्यात माझ्या नळीवर 5 टक्के निकोटिन छापलेलं, म्हणजे मिलिलिटरला 50 मिलिग्रॅम. युरोपीय संघात 20 च्या वर विकायला परवानगी नाही.

आणि आपल्याकडे तर विक्रीलाच बंदी आहे. 2019 च्या कायद्याने ई-सिगारेट बनवणं, आयात करणं, विकणं, साठवणं, सगळंच गुन्हा. विकणाऱ्याला पहिल्या खेपेला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे हातात येतो तो चोरीछुपे आलेला माल. आत काय भरलंय, हे विचारायचं कुणाला? ब्रिटनचा आकडा इथल्या नळीला लावता येत नाही तो यामुळेच.

गम बेचव. झुरक्यासारखा झटका त्यात नाही, निकोटिन सावकाश चढतं. पहिल्या दिवशी मी तो साध्या च्युइंग गमसारखा चावत सुटलो आणि तासभर उचक्या. सलग चावायचा नसतोच तो: हळू चावून जिभेला चुरचुरलं की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा, चुरचुर गेली की पुन्हा दोनदा चावायचा, असं अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं चहा नाही, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर 2 मिलिग्रॅमचा बहुधा पुरत नाही, 4 चं डॉक्टरांना विचारा. हृदयाचा त्रास असेल किंवा गरोदरपण असेल तर काहीही घेण्याआधी विचारा.

तलफेचं म्हणाल तर पहिले दोन-तीन दिवस वाईट. चिडचिड, झोप उडणं, सारखी भूक. दोन ते चार आठवड्यांत ओसरतं. चहाचं एक कुणी सांगत नाही: सिगारेटच्या धुरामुळे शरीर कॅफीन लवकर निकाली काढतं. धूर थांबला की तेच चार कप जास्त चढतात आणि ती धडधड माणूस तलफेच्या नावावर घालतो. मी दोन कपांवर आलो. तलफेची एकेक लाट काही मिनिटांचीच असते, तेवढ्यापुरते खिशात तासगावचे बेदाणे. तंबाखू-सुपारीचा मावा मात्र नको. सिगारेट सोडून मावा धरलेले आमच्या यार्डात डझनभर आहेत.

माझं मत गमकडे, त्यातही 1800-11-2356 या तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या मोफत सरकारी फोनसेवेवर (क्विटलाइनवर) आधी बोलून. फक्त अकरा वाजता टपरीवर गम काय, व्हेप काय, दोन्हींचा उपयोग शून्य. तिथे हात आपोआप पुढे जातो. मी महिनाभर पलीकडच्या रस्त्याने गेलो. आता गम दिवसाला तीनवर आलाय, पण टपरीवाला मला बघितलं की अजून पाकीट पुढे सरकवतो.