मराठवाड्यात वर्षयादी ठेवायला ईबर्ड कितपत कामाचे?

कोकणातून किंवा पुण्याकडून बदली होऊन मराठवाड्यात आलेल्या पक्षीनिरीक्षकाने वर्षयादी, म्हणजे वर्षभरात दिसलेल्या पक्ष्यांच्या जातींची यादी, कुठे ठेवावी? ईबर्ड या अॅपवर. त्याला तोडीस तोड पर्याय सध्या नाही. मात्र पुण्या-मुंबईत हे अॅप ज्या सवयीने वापरले, त्याच सवयीने इथे वापरले तर निम्मे हाती लागते. तिकडे नोंदींचा डोंगर आहे, त्यामुळे अॅप जे सांगते त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवता येतो. इथे नोंदी विरळ आहेत. अॅपने एखादा पक्षी दाखवला नाही, तर तो पक्षी इथे नाही असे नसते. तो पाहून नोंदवणारा कोणी तिथवर गेलेला नसतो. पुढचे सगळे परीक्षण या एका फरकाभोवती फिरते.

ईबर्ड ही अमेरिकेतील कॉर्नेल लॅब ऑफ ऑर्निथॉलॉजीची सेवा, २००२ पासून चालू. अॅप अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर फुकट आहे. वर्षयादी वेगळी भरावी लागत नाही. चेकलिस्ट (एका फेरीत दिसलेल्या पक्ष्यांची यादी) पाठवत गेले की १ जानेवारी ते ३१ डिसेंबरची यादी जग, देश, राज्य आणि जिल्हा अशा चारही पातळ्यांवर आपोआप तयार होते. वर्षाच्या मध्यावर बदली झालेल्यांना याचा चांगला फायदा होतो. जूनमध्ये रत्नागिरीहून परभणीला आलात तर महाराष्ट्राची वर्षयादी तशीच पुढे चालते, किनाऱ्यावरचे कुरव आणि सुरय तिच्यात राहतात. परभणीची यादी तेवढी शून्यापासून सुरू होते. वहीतल्या जुन्या नोंदीही तारीख, वेळ आणि ठिकाण नक्की माहीत असेल तर वेबसाइटवरून भरता येतात. वेळ आठवत नसेल तर त्या 'हिस्टॉरिकल' प्रकारात टाका, अंदाजाने मिनिटे ठोकू नका.

पहिली अडचण अशी की ईबर्डला जिल्हा कळतो, मराठवाडा कळत नाही. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर आणि धाराशिव या आठ जिल्ह्यांची मिळून वर्षयादी कुठल्याही बटणावर मिळत नाही. आठ याद्यांची बेरीज करणे चूकच, कारण कोतवाल आठही याद्यांत असतो. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे 'पॅच' ही सोय: 'माय ईबर्ड'मध्ये पॅच तयार करून त्यात मराठवाड्यातली आपली सगळी ठिकाणे जोडायची, म्हणजे त्यांची एकत्र यादी दिसते. यात खोट एवढीच की दर नवे ठिकाण हाताने जोडावे लागते आणि ते हमखास राहून जाते. दुसरा उपाय जास्त भरवशाचा आहे. वेबसाइटवरून 'डाउनलोड माय डेटा' करून आलेली सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये उघडायची, जिल्ह्याच्या रकान्यात आठ नावे आणि तारखेच्या रकान्यात चालू वर्ष गाळायचे, मग शास्त्रीय नावावरून दुहेरी ओळी काढायच्या. जिल्ह्यांची नावे फाइलमध्ये जशी येतात तशीच निवडा. जुनी-नवी नावे आपल्या मनाने बदललीत तर अख्खा जिल्हा गळतो. 'अमुक किंवा तमुक' अशा तिरक्या रेषेच्या नोंदी, नुसत्या गटाच्या (जात न ठरलेल्या) नोंदी आणि संकर वगळायचे, उपजाती मूळ जातीत मिळवायच्या. उरलेल्या ओळी म्हणजे मराठवाड्याची वर्षयादी. काम दहा मिनिटांचे, महिन्यातून एकदा केले तरी पुरते.

अॅप बसवताना घाई करू नका. घरच्या वायफायवरच महाराष्ट्राचा पॅक (तिथल्या पक्ष्यांची यादी) उतरवून घ्या. पाटोद्याच्या माळावर किंवा किनवटच्या सागवानात रेंज मिळेल या आशेवर राहू नये. फोनच्या सेटिंगमध्ये ईबर्डसाठी बॅटरी बचत बंद ठेवा, नाहीतर खिशात फोन गेला की अर्ध्या वाटेत ट्रॅक (चाललेल्या वाटेची जीपीएस नोंद) तुटतो आणि अंतर चुकीचे नोंदले जाते. पक्ष्यांची नावे मराठीत दाखवायची सोय आहे. ती घेतली तरी शास्त्रीय नावही सोबत चालू ठेवा, कारण चंडोलांच्या बाबतीत नुसत्या मराठी नावावर दोघांचे एकमत होणे कठीण. रेंज नसताना हॉटस्पॉट (ईबर्डवरचे सगळ्यांचे सामाईक ठिकाण) सापडला नाही तर चेकलिस्ट वैयक्तिक ठिकाणावर करा, घरी आल्यावर ठिकाण बदलून हॉटस्पॉटला जोडता येते.

चेकलिस्टचे नियम थोडे आहेत, पण मोडले जातात तेच. ओळखता आलेला प्रत्येक पक्षी नोंदवला असेल तरच 'पूर्ण यादी' या प्रश्नाला हो म्हणायचे. वर्षयादीत नवा पडलेला एकच पक्षी टाकून हो म्हटले, तर त्या वेळी तिथे साळुंकी, कावळा, होला काहीच नव्हते असा अर्थ निघतो. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स'सारखे अहवाल याच नोंदींवर उभे असतात, तेव्हा हे प्रकरण आपल्या आकड्यापुरते राहत नाही. एका यादीला निदान १५ मिनिटे द्या. जागचे ३० मीटरसुद्धा हलला नसाल तर 'स्थिर', चालला असाल तर 'प्रवास'. प्रवासाची यादी ८ किलोमीटरच्या आत ठेवा. मोटारसायकलवर असाल तर दर दोन-तीन किलोमीटरला नवी यादी उघडणे उत्तम. ज्या वाटेने गेलात त्याच वाटेने परत आलात तर अंतर एकाच बाजूचे लिहायचे, मात्र अॅपचा ट्रॅक दोन्ही बाजू मोजतो. पाठवण्याआधी तो आकडा हाताने दुरुस्त करा. झाडाखाली बराच वेळ बसल्यावरही जीपीएस इकडे-तिकडे सरकत शे-दोनशे मीटर वाढवून ठेवते, तेही पाहा.

पक्षी न मोजता संख्येच्या जागी 'एक्स' टाकायची सोय आहे, ती शक्यतो वापरू नये. ज्वारीवर उतरलेला भोरड्यांचा थवा मोजायचा तर आधी दहा पक्षी किती जागा व्यापतात ते डोळ्यात भरा, त्यावरून शंभरचा तुकडा, मग थव्यात असे तुकडे किती. अंदाज चुकेल, तरी 'एक्स'पेक्षा बरा.

आता 'टार्गेट स्पीसीज'. जिल्हा आणि महिने निवडले की आपल्या यादीत नसलेले पक्षी टक्केवारीसह उतरत्या क्रमाने दिसतात. पुण्यात हे हत्यार अचूक चालते, इथे बोथट होते. ही टक्केवारी म्हणजे त्या जिल्ह्यातल्या पूर्ण याद्यांपैकी किती याद्यांत तो पक्षी आला याचे प्रमाण. समजा हिंगोलीत एखाद्या महिन्याच्या सगळ्या मिळून १२ याद्या आहेत आणि त्यातल्या ९ एकाच धरणाच्या भिंतीवरून केल्या आहेत. मग बदके वर चढतात आणि माळावरची धाविक, पखुर्डी, डोंबारी तळाला जातात किंवा दिसतच नाहीत. माळ मोकळाच असतो, त्यावर नोंद करणारा नसतो.

म्हणून इथे टार्गेटपेक्षा 'बार चार्ट' जास्त उपयोगी. त्यात एकावेळी अनेक जिल्हे निवडता येतात. आठही जिल्ह्यांवर खुणा करा, शिवाय आपल्या बाजूचा शेजारीही घ्या: धाराशिवकरांनी सोलापूर, पैठणकरांनी अहिल्यानगर, कन्नड-गौताळ्याकडच्यांनी जळगाव, किनवट-माहूरकडच्यांनी यवतमाळ. जंगल आणि माळ जिल्ह्याची हद्द पाहून बदलत नाहीत. किनवटच्या सागवानातले पक्षी लातूरच्या यादीवरून कधीच कळणार नाहीत, यवतमाळच्या यादीवरून कळतील. चार्टमध्ये दर महिन्याचे चार भाग असतात आणि जिथे नोंदी अपुऱ्या तो भाग करडा दिसतो. करड्या जागेतून काहीही निष्कर्ष काढू नका. तिथे आपली यादी पडली तर ती खरी कामाची.

अॅप इथल्या पाण्याचा हिशेबही धरत नाही, आणि मराठवाड्यात वर्षयादी पाण्यावरच ठरते. नाथसागर (जायकवाडी धरणाचा जलाशय) काठोकाठ भरला की चिखलाचा काठ बुडतो, तुतवार आणि शेकाटे आजूबाजूच्या पाझर तलावांवर पांगतात. पाणी ओसरून गाळपेर जमीन उघडी पडू लागली की धरणाचा काठ जिवंत होतो: चक्रवाक, पट्टकादंब, परीट, वेगवेगळे चंडोल. दुष्काळी वर्षात हे आधीच घडते आणि मार्चसाठी राखून ठेवलेले ठिकाण जानेवारीतच कोरडे पडते. चार्टमधली सरासरी ओले आणि कोरडे वर्ष एकत्र करून दाखवते. म्हणून चेकलिस्टच्या टिप्पणीत पाण्याची स्थिती एका ओळीत लिहून ठेवा; पुढच्या वर्षी सगळ्यात आधी तीच ओळ उघडाल.

ढोबळ वेळापत्रक मात्र ठरलेले आहे. भोवत्ये आणि हिवाळी बदके एप्रिल उजाडेपर्यंत उरकून घ्या, राहिली तर थेट ऑक्टोबर-नोव्हेंबर. नदी सुरय आणि माळटिटवी उन्हाळ्यात अंड्यावर असतात, तेव्हा बेटांवर आणि उघड्या वाळूवर उतरू नका, काठावरून पाहिले तरी यादीत येतात. पावसाच्या तोंडाशी चातक आणि पावशा. पावसाळ्यात सोयाबीन-तुरीच्या कडेने लावे ओरडतात. नवखे या काळात घरी बसतात आणि यादी तिथेच मार खाते. भोरड्या पावसाळा सरता सरता येऊ लागतात, त्यांच्यासाठी वेगळे धावायची गरज नाही.

जायकवाडीबद्दल वेगळे सांगायला हवे. अभयारण्य सुमारे ३४१ चौरस किलोमीटरचे, त्यामुळे 'जायकवाडी' असा नकाशावर एकच ठिपका ठेवून वर्षभर त्यावर याद्या टाकणे निरुपयोगी. जिथे उभे आहात तिथला ठिपका घ्या. जलाशय छत्रपती संभाजीनगर आणि अहिल्यानगर अशा दोन जिल्ह्यांत पसरला आहे. पैठणच्या बाजूची यादी बंद करूनच शेवगाव-नेवाशाच्या काठाची नवी उघडा, नाहीतर रोहित (फ्लेमिंगो) भलत्याच जिल्ह्यात जमा होतात आणि ते मराठवाड्याच्या गाळणीतूनही सुटतात. दुर्बिणीने इथे काठावरचे तेवढेच पक्षी ओळखू येतात. आतल्या बदकांसाठी तिवईवरचा स्पॉटिंग स्कोप लागतो. सकाळी दहानंतर पाण्यावरची हवा थरथरायला लागते, मग स्कोपही हात टेकतो.

संख्या किंवा जात स्थानिक मर्यादेबाहेर गेली की अॅप लाल खूण दाखवून तपशील मागते. ही मर्यादा स्वयंसेवक परीक्षक महिनावार ठरवतात. जिथे नोंदी कमी तिथे साध्या पक्ष्यालाही खूण लागू शकते, त्याचा राग मानू नये. 'स्पष्ट दिसला' हे उत्तर नव्हे. आकार, पिसांची खूण, अंतर, उजेड आणि कोणत्या जवळच्या जातीशी घोळ होऊ शकतो हे लिहा, फोटो जोडा. नोंद मंजूर होईपर्यंत तुमच्या स्वतःच्या यादीत ती दिसतच राहते. माँटेग्यू आणि पांढुरका भोवत्या यांच्या माद्यांवर सगळ्यात जास्त अडते. पंख पसरलेला, खालून घेतलेला फोटो नसेल तर तिरक्या रेषेची नोंद करून मोकळे व्हा. तिने यादी वाढत नाही, पण खोटीही होत नाही.

जोडीला मर्लिन हे कॉर्नेलचेच ओळख-अॅप घ्यावे. फोटोवरून ओळख चांगली करते. आवाजावरची ओळख जंगलात बरी, माळावर बेभरवशाची. वारा मायक्रोफोन भरून टाकतो आणि इथले खाटीक, कोतवाल, काही चंडोल सर्रास दुसऱ्यांच्या नकला करतात. कोतवालाने शिक्र्याचा आवाज काढला की पडद्यावर शिक्रा उमटतो. मर्लिनने नाव सुचवले म्हणजे पक्षी यादीत पडला असे नाही. डोळ्याने किंवा स्वतःच्या कानाने खात्री झाली तरच टाका.

माळढोकसारख्या संवेदनशील जातींचे ठिकाण ईबर्ड स्वतःहून झाकते. बाकीच्यांचे झाकत नाही. घुबडाचे घरटे दिसले तर ठिपका ढोबळ ठेवा, घरटे रिकामे झाल्यावर यादी पाठवली तरी चालते. घराच्या अंगणातल्या याद्यांचा ठिपकाही नेमक्या घरावर नको, गल्लीच्या तोंडाशी पुरे. तो सगळ्यांना दिसतो.

वर्षातून एकदा ईबर्ड वर्गीकरण सुधारते, अलीकडे बहुधा ऑक्टोबरच्या सुमारास. तेव्हा यादीचा आकडा आपोआप एक-दोनने खालीवर होऊ शकतो आणि नावे बदलतात. २०२४ मध्ये गव्हाणी घुबडाची विभागणी झाली आणि आपल्याकडचे पूर्वेकडच्या जातीत गेले. सीएसव्हीवर हिशेब ठेवणाऱ्यांनी या सुधारणेनंतर फाइल नव्याने उतरवावी. जुन्या फाइलला नव्या ओळी जोडल्या तर तेच घुबड दोन शास्त्रीय नावांनी दोनदा मोजले जाते.