कॅसिओ ९९१ ईएस प्लस: चकलीच्या पाकिटांवर वापरून बघितला

लेकीने एफवायबीएस्सीला स्टॅटिस्टिक्स घेतलंय, म्हणून आप्पा बळवंत चौकातून कॅसिओचा एफएक्स ९९१ ईएस प्लस कॅल्क्युलेटर आणला. दिवसा तो तिच्या बॅगेत, संध्याकाळी माझ्याकडे. मी घरून चकलीच्या ऑर्डरी घेते, आणि यंदा म्हटलं ती प्रॅक्टिसला बसतेच आहे तर आपणही बसू, मराठी मीडियमला मध्य मध्यक बहुलक पाठ केलं होतं ते आता कशाला लागतं बघू तरी. तर हा रिव्ह्यू इंजिनिअरिंगवाल्यांसाठी नाही, ज्यांना फक्त मीन (सरासरी), मीडियन (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा), स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत ते) एवढंच घोटायचंय त्यांच्यासाठी आहे.

मोड दाबून ३, मग १, की आकडे भरायचा तक्ता उघडतो. आकडा, बरोबरचं बटण, पुढचा आकडा. भरून झालं की एसी दाबायचं. इथे आम्ही दोघी पहिल्या दिवशी अडकलो, कारण एसी म्हणजे सगळं पुसलं जाणार असं डोक्यात बसलेलं, पण इथे एसीने फक्त तक्ता बंद होतो, आकडे आत तसेच राहतात. मग शिफ्ट १, त्यात व्हार ४, की एन (किती आकडे), एक्स बार (मीन), आणि सिग्मा एक्स, एस एक्स (दोन्ही स्टँडर्ड डेव्हिएशनच) असे चार ऑप्शन येतात.

मी पाव किलोची १० पाकिटं काट्यावर ठेवली. २५२, २४९, २५१, २४८, २५०, २५३, २४७, २५१, २४९, २५०. मीन बरोब्बर २५०, मी खूश. मग जाऊबाईंनी भरलेली १० घेतली, २६२, २४०, २५५, २४३, २५०, २५८, २३८, २६०, २४४, २५०. मीन? तोही २५०! म्हणजे नुसती सरासरी बघितली तर आमच्या दोघींच्या हातात काही फरकच नाही. सिग्मा एक्स बघितला तेव्हा माझा १.७३ आणि त्यांचा ८.१४ आला. पुस्तकात वर्ग करा, बेरीज करा, भागा, वर्गमूळ काढा असं वाचून जे कधी कळलं नव्हतं ते इथे कळलं, कारण २३८ चं पाकीट ज्या गिऱ्हाइकाच्या हातात जाईल त्याला सरासरी २५० आहे हो असं सांगून काय उपयोग.

आता सिग्मा एक्स आणि एस एक्स असे दोन कशाला हा प्रश्न सगळ्यांना पडतो. सिग्मावाला एकूण संख्येने भागतो, एसवाला एक कमी करून, म्हणजे १० च्या जागी ९ ने. माझा दुसरा १.८३ येतो. जेवढी पाकिटं आहेत तेवढीच मोजली असतील तर पहिला. दिवसभरात भरलेल्या पन्नास-साठातून १० उचलून बाकीच्यांचा अंदाज बांधायचा असेल तर दुसरा. लेकीच्या वर्गात निम्म्यांची उत्तरं पुस्तकाशी जुळत नव्हती ती ह्याच एका बटणापायी, तेव्हा आधी आपल्या पुस्तकात कशाने भागलंय ते बघून घ्या.

सगळ्यात कामाची गोष्ट मला चुकीतून सापडली. २५१ च्या जागी २५११ दाबलं गेलं. मशीन बिचारं काही बोलत नाही, मीन ४७६ दाखवून मोकळं. पाव किलोच्या पाकिटाची सरासरी ४७६ म्हटल्यावर लगेच दिसलं, पण २५१ चं २१५ झालं असतं तर पत्ताही लागला नसता. म्हणून आता आकडे भरले की आधी शिफ्ट १ आणि ६, मिनमॅक्स. सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा आकडा बघायचा, मगच मीनकडे वळायचं.

आणि इथेच ह्या मॉडेलची मोठी उणीव, मीडियन नाही!! क्वार्टाइलही (क्रमाने लावलेल्या आकड्यांचे चार सारखे भाग पाडणारे क्यू १, क्यू ३) नाहीत. चढत्या क्रमाने मांडून हाताने काढा. सुरुवातीला राग आला, पण २५११ ची चूक तशीच ठेवून मीडियन काढला तर तो २५० चा २५० च राहिला, आणि हाताने मांडल्यामुळे तो का हलला नाही ते डोळ्यांना दिसलं. तरी परीक्षेत घाई असते, थेट हवं असेल तर कॅसिओचाच क्लासविझ मालिकेतला ९९१ ईएक्स बघा, त्यात मीडियन, क्यू १, क्यू ३ सगळं आयतं येतं. फक्त क्वार्टाइलची पद्धत एकच नसते हे लक्षात ठेवा. माझ्या पाकिटांचा क्यू १ पुस्तकातल्या एन अधिक १ च्या सूत्राने २४८.७५ येतो आणि गूगल शीट्समधल्या साध्या क्वार्टाइल फॉर्म्युल्याने २४९. दोन्ही बरोबर. लेक अर्धा तास रडकुंडीला आली होती.

फ्रिक्वेन्सीचा, म्हणजे कुठला आकडा किती वेळा आला ते भरायचा, कॉलम मुळात बंद असतो, सेटअपमध्ये खाली जाऊन स्टॅट ऑन करावं लागतं. आणि हे आधी करा, आकडे भरल्यावर केलंत तर भरलेलं सगळं जातं. मी ऑर्डरी भरल्या: १ पाकीट ९ जणांना, २ पाकिटं १४ जणांना, ३ सहा जणांना, ५ तिघांना, आणि एका ऑफिसची एकदम २०. मीन २.७३. ती एक ऑफिसची ऑर्डर काढली की २.१९. मीडियन आणि मोड (बहुलक, सगळ्यात जास्त वेळा आलेला आकडा) दोन्ही २, ते जागचे हलत नाहीत. दोन-दोन पाकिटांच्या पिशव्या बांधून ठेवायला लागले ते ह्याच्यावरूनच.

मशीनचा मोड बदलला की स्टॅटमधला डेटा उडतो. मध्येच हिशोब करायचा असेल तर एसी दाबून तिथल्या तिथे करा, मोड १ ला जाऊ नका, माझे एकदा तीस-पस्तीस आकडे गेलेत. कॉलम एकच असेल तर ८० आकडे मावतात, फ्रिक्वेन्सी लावली की ४० ओळी. ग्राफ वगैरे विसरा, त्याला कागद किंवा शीट्स.

पाचपैकी चार देते, एक मीडियनचा कापला. लेकीचं मत वेगळं आहे, तिला ईएक्सच हवा होता. जाऊबाईंना ८.१४ दाखवला तर म्हणाल्या तुझा काटा बरोबर नसेल. तोच काटा दोघींना होता, पण मी काही बोलले नाही, आता पाकीट भरताना त्या स्वतःच दोनदा वजन करतात.