सिग्मा ४.५ एमएम फिशआय, झाडोरा मोजण्यासाठी: ऑक्टोबर ते मे वापरल्यावर

पुण्यातली वेताळ टेकडी आणि ताम्हिणी घाट, दोन्हीकडे ही लेन्स पानं भरलेली असल्यापासून पार गळेपर्यंत वापरलीये, आता नीट लिहितो. क्रॉप सेन्सरवर, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, १८० अंशाचं पूर्ण गोल चित्र येतं, कॅमेरा लेव्हल करून आकाशाकडे तोंड करून ठेवायचा आणि मग सॉफ्टवेअरने पानांमधून किती आकाश दिसतंय ते मोजायचं, त्यावरून एलएआय (लीफ एरिया इंडेक्स) निघतो, म्हणजे एक चौरस मीटर जमिनीवर किती चौरस मीटर पानं आहेत ते.

लेन्स एक नंबर आहे, प्रश्नच नाही. पण आकडा खरा येणार की खोटा हे एक्स्पोजरवर ठरतं, लेन्सवर नाही! ऑटोवर ठेवलं की दाट झाडीत कॅमेरा अंधार बघून एक्स्पोजर वाढवतो, आकाश जळतं, बारीक पानं त्या पांढऱ्यात गायब होतात आणि एलएआय कमी येतो, आणि जंगल जितकं दाट तितकी ही गडबड मोठी. म्हणून आधी मोकळ्यावर जाऊन नुसत्या आकाशाचं मीटरिंग घ्या, त्यापेक्षा दोन स्टॉप जास्त (म्हणजे चौपट उजेड) मॅन्युअलला लॉक करा, मगच झाडाखाली जा. उजेड बदलला की परत मीटरिंग. ढगाळ हवा सगळ्यात बेस्ट, पण पुण्यात डिसेंबर-जानेवारीत ढग कुठून आणणार, त्यामुळे सूर्य वर यायच्या आत फोटो उरकायचे. रॉमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाइल) काढा आणि ब्लू चॅनल, म्हणजे फोटोतला फक्त निळा भाग, वापरा, पानं निळा प्रकाश शोषून घेतात म्हणून आकाशापासून स्वच्छ वेगळी दिसतात.

टेकडीवर उन्हाळ्यात वेगळीच गंमत. पळसाला एक पान नाही, नुसती केशरी फुलं आणि काळ्या फांद्या, तरी आकडा शून्यावर येत नाही कारण सॉफ्टवेअरला फांदी काय नि पान काय, आकाश अडलं की मोजलं. तो निष्पर्ण फोटो जपून ठेवा, फांद्यांचा वाटा किती याचा अंदाज त्यावरूनच येतो. ताम्हिणीतल्या सदाहरित पट्ट्यात ही सोय नाही, शिवाय तिथे पानं झुपक्यांनी असतात म्हणून आकडा खऱ्यापेक्षा कमीच येतो.

हे फोटो मोजायचं सॉफ्टवेअर गॅप लाइट अ‍ॅनालायझर जुनं आहे, १९९९ चं, पण फुकट आणि चालतं. फक्त थ्रेशोल्ड, म्हणजे किती उजळ असलं की आकाश धरायचं ती मर्यादा, हाताने लावायला लागतो, एकाच फोटोवर दोन माणसं दोन आकडे काढतात, त्यामुळे मी आता ऑटोमॅटिक थ्रेशोल्डच वापरतो. आणि सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्शन (लेन्स गोल आकाश सपाट चित्रावर कसं उतरवते ते) इक्विसॉलिड टाका, या लेन्सचं तेच आहे.

समोरची काच फुगीर आहे, फिल्टर लागत नाही, पहाटेचं दव बसतं, मऊ कापड खिशात हवंच. मोबाइलच्या क्लिपवाल्या फिशआय या कामाला घेऊ नका, त्यांच्यातल्या बहुतेकांत पूर्ण १८० अंश मिळत नाही आणि दर वेळी लावताना सेंटर हलतं.