जुनी मियाटा घेतली, पहिल्या वर्षात काय काय बदललं आणि कशाचे पैसे वसूल झाले

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये मी १९९२ ची माझदा मियाटा घेतली, म्हणजे दोन सीटची, टप उघडणारी छोटी स्पोर्ट्स कार. लाल रंग, १.६ लिटर इंजिन, ५ गेअर, बोनेटमधून वर येणारे हेडलाइट, ओडोमीटरवर १,१८,००० मैल. इथे न्यू जर्सीत ओळखीतले दोघं जण आता अशीच गाडी शोधतायत आणि दोघांचाही पहिला प्रश्न एकच, टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबून ताकद वाढवणारा पार्ट) टाकायचा का. म्हणून म्हटलं वर्षभरात जे जे टाकलं, बदललं, त्याचा एकदा नीट रिव्ह्यू लिहावा. माझं मत आधीच सांगून टाकतो, पहिले हजार दीड हजार डॉलर रबर, ऑइल आणि टायर यातच घाला, इंजिनाच्या ताकदीला हात लावू नका. ही गाडी नवीन होती तेव्हाही ११६ हॉर्सपॉवरचीच होती आणि वजन साधारण ९६० किलो, आणि तेवढ्यावरच १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये आल्यावर लोक वेडे झाले होते. तुम्ही जी गाडी घरी आणता ती मात्र ती गाडी नसते, तिच्यावर तीस वर्षांचं सुकलेलं रबर आणि काळं पडलेलं ऑइल चढलेलं असतं, ते आधी उतरवायचं.

घेताना एक गोष्ट नक्की बघा. पुढे वाकून क्रँक पुलीकडे, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या (क्रँकच्या) पुढच्या टोकावरच्या चाकाकडे, टॉर्च मारायची आणि पुलीवरच्या खाचा मोजायच्या. चार असतील तर ते सुरुवातीचं, १९९० आणि ९१ च्या सुरुवातीचं, छोट्या नाकाच्या (पुढचं टोक आखूड असलेल्या) क्रँकचं इंजिन, त्यात पुली ढिली होऊन तिला जागेवर धरणाऱ्या लोखंडी पाचरीची खाच झिजते आणि मग मोठा खर्च निघतो. आठ असतील तर काळजी नाही. माझ्या गाडीला आठ आहेत.

आता सगळ्यात जास्त फरक कशाने पडला ते सांगतो. गेअर लिव्हरच्या खालचे दोन रबरी बूट, म्हणजे झाकणं, आणि गेअर ऑइल. गाडी घेतली तेव्हा गार इंजिनाला दुसरा गेअर पडतच नव्हता, म्हणजे पडायचा पण खर्र करून, आणि अर्धा तास चालवली की लिव्हरच्या आसपासून गरम हवा आणि जळक्या तेलाचा वास आत यायचा. मला वाटलं गेला गेअरबॉक्स. पण आधी लिव्हरची मूठ काढली, मधला कन्सोल उचलला, तर वरचं रबर ठीक होतं पण खालचं छोटं रबर हातात तुकडे होऊन आलं, वाळलेल्या आमसुलासारखं. ते फाटलं की खालची उष्णता थेट आत येते. त्याच्या खाली लिव्हरचा गोळा ज्या खोबणीत बसतो तिथे वेगळं थोडंसं गेअर ऑइल असतं, हे अनेकांना माहीतच नसतं, माझ्या गाडीत तिथे तेल जवळजवळ नव्हतंच, तळाशी काळा चिखल होता. लिव्हरच्या टोकाला एक प्लॅस्टिकचं बुश (टोपीसारखं कव्हर) असतं, ते तर गायबच होतं. दोन्ही बूट, बुश आणि तेल मिळून साठ डॉलरच्या आत काम झालं, दोन तास लागले, आणि लिव्हर आता अशी बसते ना, मनगट हललं की गेअर पडला. बायको शेजारी बसली होती, तिला गाड्यांचं फार काही नाही, ती पण म्हणाली की आवाज वेगळा येतोय.

गेअरबॉक्समध्ये मी फोर्डचं मोटरक्राफ्टचं फुल सिंथेटिक मॅन्युअल ट्रान्समिशन फ्लुइड टाकलं, मियाटावाल्यांमध्ये ते फार प्रसिद्ध आहे आणि का ते कळलं, गार असताना दुसऱ्या गेअरची खरखर नव्वद टक्के गेली. दोन लिटर लागतं. फक्त एक लक्षात ठेवा, खालचा नट उघडायच्या आधी भरायचा नट उघडतोय का ते बघा. तो गंजून बसला असेल आणि तुम्ही तेल आधीच सोडून दिलं असेल तर गाडी घोड्यांवरच (उचललेली गाडी ज्यावर टेकवतात त्या स्टँडवर) राहणार. डिफरन्शियलचं (मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गेअरच्या डब्याचं) पण तसंच, तिथे लिटरच्या आतच ऑइल लागतं, पण माझ्यातलं बघून वाटलं की ते कोणी कधी बदललेलंच नसावं.

क्लचने मात्र रस्त्यात गाठलं. जूनमध्ये रूट १ वर सिग्नलला उभा होतो, पहिला गेअर टाकायला पेडल दाबलं तर ते खालीच राहिलं, पायाने वर ओढलं तरी ढिलं. मागे ट्रक. इंजिन बंद करून पहिल्या गेअरमध्ये टाकलं आणि स्टार्टरवरच गाडी बाजूला घेतली. हे क्लचच्या स्लेव्ह सिलिंडरचं काम (पेडलकडून ऑइलचा दाब घेऊन क्लच सोडवणारा खालचा सिलिंडर), या गाड्यांचं जुनं दुखणं, आतलं रबरी सील झिजतं आणि ऑइल गळून जातं. खरं तर आधी कळलं असतं, स्लेव्हच्या टोकाचं रबर थोडं सोलून बघितलं आणि आत ओलं लागलं की समजायचं दिवस भरत आले. पार्ट २६ डॉलरचा, दोन बोल्ट. तेव्हा बाबा साताऱ्याहून आले होते, एसटीच्या वर्कशॉपमध्ये त्यांची पूर्ण नोकरी गेली, ते खुर्ची टाकून गॅरेजमध्ये बसले आणि म्हणाले, "अरे खालचा बदलतोयस तर वरचा पण बदल, नव्याचं प्रेशर जुन्याला झेपत नाही." मी वरचा, पेडलजवळचा मास्टर सिलिंडर पण मागवला, तेव्हाच बदलला. पेडल दाबायला बाबाच बसले होते, ऑइलच्या नळीत अडकलेली हवा काढताना "दाबा", "धरा", "सोडा" असं तासभर चाललं, आणि शेवटी त्यांनीच विचारलं, ब्रेक ऑइल कधी बदललंस. बदललंच नव्हतं. उघडून बघितलं तर कोऱ्या चहासारखं दिसत होतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, त्यामुळे ते लवकर उकळतं आणि नेमकं उतारावर पेडल मऊ पडतं. डॉट ४ या प्रकारच्या ब्रेक ऑइलचा एक लिटरचा डबा आणला, चारही चाकांच्या ब्रेकमधलं जुनं ऑइल आणि हवा काढली, आता दर दोन वर्षांनी करणार.

ब्रेकचंच अजून एक. हँडब्रेक धरत नव्हता आणि एका गॅरेजवाल्याने मला केबल आणि मागचे कॅलिपर (ब्रेकचे पॅड दाबणारे भाग) दोन्ही बदला म्हणून साडेपाचशे डॉलर सांगितले. मागच्या कॅलिपरच्या पाठीमागे एक बोल्ट असतो, तो काढला की आत चार नंबरच्या ऍलन कीने (षटकोनी किल्लीने) पॅड जवळ आणायची सोय आहे. पॅड टेकेपर्यंत फिरवायचं, मग थोडं मागे. दोन्ही बाजू मिळून वीस मिनिटं, खर्च शून्य, आणि आता हँडब्रेक तिसऱ्या दातावर धरतो. मला त्या माणसाचा राग नाही आला, वाईट वाटलं, कारण जुन्या गाड्या लोक अशाच कोटेशनला घाबरून विकून टाकतात.

तेलगळतीबद्दल. इंजिनाच्या मागे, हेडच्या (इंजिनाच्या वरच्या भागाच्या) पाठीला, कॅम अँगल सेन्सर असतो, त्याला एक रबरी ओ रिंग असते. ती कडक झाली की तेल मागून ठिबकत गेअरबॉक्सच्या तोंडावर येतं आणि बघणाऱ्याला वाटतं क्रँकचं मागचं सील गेलं, म्हणजे गेअरबॉक्स उतरवा. माझ्यात पण तेच होतं. ओ रिंग दोन डॉलरची. हात घालायला जागा अजिबात नाही, बोटांनी चाचपडत बारा नंबरचा बोल्ट शोधायचा. सोडवायच्या आधी सेन्सर आणि हेडवर मिळून पांढऱ्या पेंटने रेघ मारा, कारण हा सेन्सर फिरला की इग्निशनचं टायमिंग, म्हणजे ठिणगी कधी पडते ते, बदलतं. आणि तेच वापरून एक फुकटचं अपग्रेड होतं, कंपनीचं टायमिंग १० डिग्री आहे, बोनेटखालच्या डायग्नोस्टिक बॉक्समध्ये टीईएन आणि जीएनडी लिहिलेल्या दोन पिना वायरने जोडून टायमिंग लाइट (टायमिंग बघायचा दिवा) लावून बरेच जण १४ करतात. मी पण केलं. खालच्या आरपीएमला गाडी थोडी उत्साही झाली, हे मनाचे खेळ नाहीत, चढावर जाणवतं, फक्त मग पेट्रोल प्रीमियम टाकावं लागतं.

टायमिंग बेल्ट (क्रँक आणि व्हॉल्व्ह एका तालात फिरवणारा पट्टा) ६०,००० मैलांना बदलायचा असतो आणि आधीच्या मालकाकडे कागद नव्हता, म्हणून ते काम मी जवळच्या एका छोट्या गॅरेजला दिलं. या १.६ इंजिनात बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळत नाहीत, त्यामुळे इंजिन वाचतं, पण रस्त्यात अडकणार ते अडकणारच. बेल्टबरोबर वॉटर पंप, दोन्ही पुल्या, कॅमची आणि क्रँकची सीलं एकदमच घाला, मजुरी तीच असते. त्या गॅरेजच्या काकांनी जुने पार्ट एका खोक्यात घालून मला दाखवले, पंपाच्या बेअरिंगमध्ये खेळ होता, माझ्या बोटांना लागला. असं दाखवणारा माणूस भेटला की मी दुसरीकडे जात नाही. रेडिएटर त्याच वेळी बदलला. याची वरची टाकी प्लॅस्टिकची, नवीन असताना काळी असते, म्हातारी झाली की हिरवट तपकिरी होते, आणि तो रंग दिसला की ती कधीही तडकू शकते. माझी पार शेणाच्या रंगाची झाली होती.

टायर. आधीच्या मालकाने सांगितलं टायर नव्यासारखे आहेत, आणि खरंच नक्षी भरपूर होती. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, माझ्यावर २३०९ होतं, म्हणजे २००९ सालचा तेविसावा आठवडा. नखाने दाबलं तर रबर नाही, लाकूड. पावसात त्या टायरवर एकदा वळणावर मागची बाजू निघाली, हळू होतो म्हणून निभावलं. १८५/६० आर १४ या मूळ साइझमध्ये आता पर्याय कमी राहिलेत पण मिळतात, मी तेच घेतले, कारण छोट्या हलक्या चाकावर ही गाडी जशी वळते तशी मोठ्या जड चाकावर वळत नाही असं माझं ठाम मत आहे. गेअरच्या बूटांनंतर सगळ्यात जास्त पैसे इथे वसूल झाले.

टायरनंतर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन सेट करणं, आणि इथे माझी खरी तक्रार आहे. एका टायरच्या दुकानात १२० डॉलर घेतले आणि फक्त पुढचा टो (वरून बघितल्यावर चाकं आत किंवा बाहेर किती वळलीत ते) सरळ करून दिला. या गाडीला चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन आहे (प्रत्येक चाक वर खाली दोन हातांनी धरलेलं), कॅम्बर (चाकाचा उभा कल) पुढे मागे दोन्हीकडे सेट होतो, तेच तर या गाडीचं वैभव आहे. प्रिंटआउट मागितलं तर म्हणे मशीनचा प्रिंटर बंद आहे. गाडी उजवीकडे ओढतच होती. दुसऱ्या ठिकाणी गेलो, त्या पोराने आधी आठवडाभर बोल्टांवर गंज सोडवायचं तेल मारायला सांगितलं कारण जुन्या गाडीत ते बोल्ट जाम असतात, मग दोन तास घालून पुढे उणे १, मागे उणे दीड डिग्रीच्या आसपास कॅम्बर सेट करून कागद हातात दिला. कागद घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

एक काम ज्याला पैसे लागत नाहीत आणि जे कोणी करत नाही. टप बंद असताना त्यावरचं पाणी मागे सीटच्या पाठीमागून दोन नळ्यांनी खाली जातं. त्यात पानं अडकतात, पाणी तुंबतं, आणि मागच्या चाकाच्या पुढचा, दरवाजाखालचा पत्रा आतून सडतो. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणजे बाहेरूनही तेच. गवत कापायच्या मशीनची जाड नायलॉन दोरी घेतली, दोन्ही नळ्यांत घातली, डावीकडून मूठभर पाइनच्या काड्या आणि चिखल निघाला, मग बाटलीने पाणी ओतलं आणि ते खाली रस्त्यावर पडताना बघून जो आनंद झाला तो सांगता येत नाही. टप खाली करताना मागची प्लॅस्टिकची खिडकी आधी चेन उघडून सपाट करा, आणि थंडीत तर टपाला हातच लावू नका, खिडकी कडाक्यात तडकते. बॅटरी डिकीत आहे, तिथे साधी बॅटरी टाकू नका, तिच्या वाफेने पत्रा सडतो, सीलबंद एजीएम प्रकारचीच घ्या आणि तिच्या नळ्या जोडा.

न घेण्यासारखं काय, तर उघडा, शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर. मी लावला होता, आवाज छान येतो, पण तो इंजिनाची गरम हवा ओढतो, महिन्याभरात मूळ फिल्टरचा डबा परत लावला. गाडीची उंची कमी करणाऱ्या स्वस्तातल्या स्प्रिंग मित्राने लावल्या, या गाडीला सस्पेन्शनची हालचाल आधीच कमी, प्रत्येक खड्ड्याला धाडकन बसते. एनजीकेच्या स्पार्क प्लग वायर मात्र लगेच घ्या, चढावर जो हलका झटका यायचा तो त्याच दिवशी गेला.

पार्टची काळजी करू नका. पहिल्या पिढीच्याच चार लाखांवर गाड्या निघाल्या आणि २०१६ मध्ये सगळ्या पिढ्या मिळून दहा लाखावी निघाली, त्यामुळे जवळपास सगळं मिळतं आणि बाकीच्या जुन्या स्पोर्ट्स कारच्या मानाने कितीतरी स्वस्त.

परवा रविवारी सकाळी टप उघडा टाकून लॅम्बर्टव्हिलहून रूट २९ ने नदीकाठाने फ्रेंचटाउनपर्यंत गेलो, बाबा परत आलेत, ते शेजारी होते. दुसऱ्या तिसऱ्या गेअरमध्ये वळणं, वेग फार नाही. परत येताना त्यांनी लिव्हरवर हात ठेवून दोनदा गेअर स्वतः टाकून बघितला. आता पुढचं काम रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी सीटमागची लोखंडी कमान), तो ऑर्डर केलाय, आला की त्याचंही लिहितो.