बोलोन्या की पालेर्मो? इटलीत खाण्यासाठी जायचं तर

इटलीच्या सहलीत चार-पाच दिवस निव्वळ खाण्यासाठी राखून ठेवले असतील, तर माझ्या मते निवड दोन शहरांत करायची: उत्तरेतलं बोलोन्या किंवा सिसिली बेटावरचं पालेर्मो. रोम, व्हेनिस, फ्लॉरेन्स इथेही उत्तम जेवण मिळतं, पण बघायचं इतकं असतं की जेवण दोन संग्रहालयांच्या मधे उरकलं जातं. या दोन शहरांत मात्र दिवसाची आखणीच खाण्याभोवती करता येते. मी दोन्हीकडे जाऊन आले आहे, बोलोन्याला शाकाहारी आईला घेऊन. त्यामुळे पुढचं बरंचसं तिच्या ताटाकडे बघून लिहिलेलं आहे.

एका आठवड्यात दोन्ही करू नका. बोलोन्या मुख्य रेल्वेमार्गावर आहे. जलद गाडीने मिलानहून साधारण तासाभरात, फ्लॉरेन्सहून त्याहून कमी वेळात पोचता येतं. रोमहून पालेर्मोला रेल्वेने जायला अख्खा दिवस किंवा अख्खी रात्र लागते, कारण मेसिनाच्या सामुद्रधुनीत गाडीचे डबेच बोटीवर चढवतात. विमान घेतलं तरी जाण्यायेण्यात दोन अर्धे दिवस गेलेच. म्हणजे फ्लॉरेन्स-व्हेनिसला जोडून खायचं असेल तर बोलोन्या, आणि सिसिलीच बघायची असेल तर पालेर्मो, इतकं आधीच ठरतं.

दोन्हीकडच्या स्वयंपाकातला फरक पिठापासून सुरू होतो. बोलोन्यात पास्ता मऊ गव्हाच्या मैद्याचा, आणि त्यात पाणी नाही, अंडी. साधारण शंभर ग्रॅम पिठाला एक. जवळजवळ मीटरभर लांबीच्या लाटण्याने हे पीठ इतकं पातळ लाटतात की पोळीतून हात दिसावा. हे काम करणाऱ्या बायकांना ‘स्फोलीने’ म्हणतात आणि काही दुकानांत त्या काचेमागे लाटताना दिसतात. माझी आई तिथे अर्धा तास उभी होती. तालियातेल्ले या पट्टीदार पास्त्याची रुंदी शिजल्यावर आठ मिलिमीटर असावी, असं १९७२ साली शहराच्या व्यापारी मंडळाकडे नोंदवलेलं आहे, आणि नमुना म्हणून तिथे सोन्याची पट्टी ठेवलेली आहे. शहरातल्या आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा हा १२,२७० वा भाग. तालियातेल्लेवर जो रस्सा येतो तो ‘रागू’: गोमांस आणि डुकराचं मांस मंद आचेवर तासन्‌तास शिजवलेलं, टोमॅटो बेताचा. ‘स्पॅगेटी बोलोनीज’ नावाचा पदार्थ इथल्या जुन्या खाणावळींत शोधू नका.

पालेर्मोत पास्ता कठीण गव्हाच्या रव्याचा, अंड्याशिवाय, वाळवलेला. हा गहू म्हणजे आपल्याकडे बन्सी म्हणून विकला जातो त्याच जातीचा. ११५४ साली अल्‌-इद्रिसी या अरब भूगोलकाराने लिहून ठेवलंय की पालेर्मोजवळच्या त्राबिया गावात शेवयांसारखा सुका पदार्थ बनतो आणि जहाजं भरभरून बाहेर जातो. अरबांनी पालेर्मो ८३१ मध्ये घेतलं आणि सुमारे अडीच शतकं राखलं. लिंबू, ऊस, वांगं त्यांच्याबरोबर इथे रुजलं, आणि आंबट-गोड चवीची सवयही. ‘पास्ता कॉन ले सार्दे’ खाल्लात की हे जिभेला कळतं: सार्डिन मासा, रानबडीशेपेचा पाला, बेदाणे, चिलगोजे आणि केशर, सगळं एकाच ताटलीत.

आता शाकाहाराचं. निवड करताना आपल्याकडच्या बहुतेक घरांत हाच मुद्दा निर्णायक ठरतो.

बोलोन्यात शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण सतत सावध राहावं लागतं. आमचं पहिल्याच दिवशी चुकलं. एका छोट्या खाणावळीत आईसाठी ‘तोर्तेल्लिनी’, म्हणजे सारण भरलेल्या पास्त्याचे तुकडे, मागवले, आत चीज असेल असं धरून. आले ते मांसाच्या सुपात तरंगत, आणि सारणात डुकराचं मांस. विचारलं होतं, पण वाढणाऱ्याने मान हलवली होती. तेव्हापासून मी हे एक अक्षर सगळ्यांना सांगते: तोर्तेल्लिनी लहान आणि मांसाचे, ‘तोर्तेल्लोनी’ मोठे, आत रिकोट्टा चीज आणि पार्सली, वर लोणी आणि सेज नावाचा सुवासिक पाला. आईचे उरलेले सगळे दिवस तोर्तेल्लोनीवर छान गेले. फेराराला गेलात तर लाल भोपळ्याचं सारण भरलेले ‘काप्पेलाच्ची’, पार्म्यात पालेभाजी-रिकोट्ट्याचे ‘तोर्तेल्ली देर्बेत्ता’ हेही मिळतात. पण पुरीसारखा फुगलेला ‘न्योक्को फ्रित्तो’ पाहून हुरळू नका, तो परंपरेने डुकराच्या चरबीत तळतात. शेजारच्या रोमान्या भागातली ‘पियादिना’ दिसायला थेट आपली पोळी, पण तिच्याही पिठात पूर्वापार हीच चरबी. ऑलिव्ह तेलाची मिळते, विचारून घ्यायची.

चीजचंही सांगून टाकते. पार्मिजानो रेज्जानो बनवताना दूध विरजायला वासराच्या जठरातलंच रेनेट वापरायचं असा नियम आहे. रिकोट्टा चीजच्या निवळीतून बनतो, त्यामुळे कडक पाळणाऱ्यांना तोही चालणार नाही. अशा मंडळींना मी बोलोन्या सुचवणारच नाही.

पालेर्मोत ही धास्ती बरीच कमी. बाल्लारो किंवा कापोच्या बाजारात शिरलं की कढईवर ‘पानेल्ले’ तळत असतात. बेसन पाण्यात शिजवायचं, थापायचं, गार करायचं, कापायचं, तळायचं. ही आपली पाटवडीच, फक्त फोडणीच्या जागी पार्सली आणि तिखटाच्या जागी लिंबू. तिळाच्या पावात घालून देतात. आईला तो पाव खायला मिळाला नाही, याची मला आजही हळहळ वाटते. शेजारी बटाट्याचे ‘क्रोक्के’. मग ‘कापोनाता’: तळलेली वांगी, सेलरी, ऑलिव्ह, केपर, टोमॅटो, व्हिनेगर आणि साखर. ती गरम नाही, कोमट किंवा गारच खायची, आणि दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते. ‘पास्ता आल्ला नोर्मा’ मूळ कातानियाचा, पण पालेर्मोतही मिळतो: तळलेलं वांगं, टोमॅटो, वर खारवलेला रिकोट्टा.

इथेही खाचखळगे आहेत. ‘स्फिंचोने’ हा जाड, लुसलुशीत पिझ्झा दिसतो कांदा-टोमॅटोचा, पण त्यात अँचोव्ही मासा असतो. भाताचे तळलेले गोळे ‘अरांचीने’ दोन मुख्य प्रकारांचे, एकात खिमा आणि दुसऱ्यात, ज्याला ‘लोण्याचा’ म्हणतात, त्यात हॅम. पालकाचा मागायचा. (कातानियात याच गोळ्याला पुल्लिंगी ‘अरांचीनो’ म्हणतात आणि दोन्ही शहरं या एका स्वरावरून मनापासून भांडतात.) ‘कान्नोली’ या गोड रिकोट्टा भरलेल्या नळीचं कवचही पूर्वापार चरबीत तळलेलं.

मांसाहारी असाल तर तराजू दुसरीकडे झुकतो, पण सरळ नाही. बोलोन्या म्हणजे डुक्कर आणि गाय: मोर्तादेल्ला, पार्मा हॅम, रागू, हिरवं लझान्या. हे खाणाऱ्याला त्याहून चांगली जागा इटलीत नाही. पण आपल्याकडे कितीतरी मांसाहारी घरांत यातलं काहीच चालत नाही. अशांनी, आणि विशेषतः कोकणातल्या मासेखाऊंनी, डोळे मिटून पालेर्मो धरावं. बेदाणे-पावाचा चुरा भरून गुंडाळलेल्या सार्डिन, तलवार माशाच्या वळकट्या, ट्युना. धाडस असेल त्यांच्यासाठी ‘पानी का मेउसा’ आहे: वासराची प्लीहा आणि फुप्फुस उकडून, चरबीत परतून पावात भरलेलं. नुसतं लिंबू पिळून घेतलं तर ते ‘अविवाहित’, वर चीज आलं तर ‘विवाहित’. गाडीवाला हेच शब्द वापरून विचारतो.

जेवायची रीतही वेगळी पडते. बोलोन्या बसून जेवायचं शहर आहे. दुपारी साडेबारा ते अडीच, संध्याकाळी साडेसातनंतर. मधल्या वेळात स्वयंपाकघरं बंद. लहान मुलं बरोबर असतील तर ही मधली पोकळी जाणवते. पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ असा क्रम असला तरी सगळं मागवायची सक्ती नाही. एक पास्ता आणि एक भाजी यावर कुणी नाक मुरडत नाही. बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी दीड-तीन युरो येतात, ते पाव आणि टेबलाचे, फसवणूक नव्हे. पालेर्मोतही खाणावळींत हेच, पण तिथे तुम्ही दिवसभर उभ्याउभ्या, हातात कागद धरून खाऊ शकता, आणि खर्चही बराच कमी येतो. उलट ज्येष्ठांना बाजाराची ढकलाढकली आणि उन्हाळ्यातलं ऊन झेपत नाही. बोलोन्यात ऊन-पावसात चालायला मैलोन्‌मैल कमानींचे ओसरे आहेत.

आजूबाजूला जाण्यात बोलोन्या पुढे आहे. लोकल गाडीने अर्ध्या तासात मोदेना, तासाभरात पार्मा. चीजचा कारखाना सकाळीच बघायचा, कारण आदल्या संध्याकाळचं साय काढलेलं दूध आणि सकाळचं ताजं दूध तांब्याच्या कढयांत एकत्र होतं ते तेव्हाच. साडेपाचशे लिटर दुधाला साधारण चाळीस किलोचं एक चाक, आणि ते किमान बारा महिने मुरवायचं. मोदेनात घरांच्या माळ्यावर लाकडी पिंपांच्या रांगेत द्राक्षांचा आटवलेला रस मुरत असतो, किमान बारा वर्षं, उंची प्रकाराला पंचवीस. त्याचं होतं बाल्सामिक व्हिनेगर. अस्सल, म्हणजे ‘त्रादित्सिओनाले’, फक्त ठरावीक आकाराच्या शंभर मिलिलिटरच्या कुपीतच येतं. किराणा दुकानात मोठ्या बाटलीत मिळतं ते वेगळं.

गोडात मात्र पालेर्मोला तोड नाही. कासाता (आपल्याकडचं आइस्क्रीम नव्हे, रिकोट्टा भरलेला केक), बदामाच्या पिठाची हुबेहूब फळं, आणि उन्हाळ्यात ‘जेलो दी मेल्लोने’: कलिंगडाचा रस स्टार्च घालून आटवलेला, जिलेटिन नाही, जाईचा वास. १३ डिसेंबरला, सांता लुचियाच्या दिवशी, शहर पाव आणि पास्ता खात नाही. त्या दिवशी अरांचीने आणि ‘कुच्चीआ’, म्हणजे उकडलेले अख्खे गहू गोड रिकोट्ट्यात कालवलेले. गव्हाची खीर आवडणाऱ्याने तारीख साधावी.

एरवी पालेर्मोला एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बरा. बोलोन्याला ऑगस्ट टाळा, बऱ्याच चांगल्या खाणावळी तेव्हा सुट्टीवर जातात. ऑक्टोबरनंतरची थंडी तिथल्या जेवणाला साजते.

कुठेही गेलात तरी नुसतं ‘मी शाकाहारी’ म्हणून थांबू नका. ‘सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे, सेन्त्सा प्रोशुत्तो’ असं तिन्ही सांगा: मांस नको, मासा नको, हॅम नको. हॅमचा शब्द वेगळा उच्चारावा लागतो, कारण पुष्कळांच्या लेखी ‘मांस नको’ यात तो मोडत नाही. आणि सूप किंवा रिसोत्तो (रश्शात शिजवलेला भात) असेल तर ‘ब्रोदो दी कार्ने?’, म्हणजे ‘मांसाचा रस्सा आहे का?’, हे विचारून उत्तर शब्दांत येईपर्यंत थांबा.