लाल तांदूळ, नाचणी आणि बियाण्याची पायली

मी शाळेत पोषण आहार शिजवते. पाचवीपर्यंतच्या मुलाला 100 ग्रॅम, सहावी ते आठवीच्या मुलाला 150 ग्रॅम असा तांदूळ मोजून टोपात घालणं हे रोजचं काम. त्यामुळे दाणा हातात घेतला की तो शिजेल कसा, ते कळतं. कुडाळहून मालवणला जाताना रस्त्याकडेला बचत गटाच्या बायकांचं एक छोटं दुकान आहे. घरचा तांदूळ मी आता तिथूनच घेते.

आधी वालयचा, म्हणजे आमच्याकडच्या लाल भाताच्या वाणाचा, उकडा (भात उकडून, वाळवून केलेला तांदूळ), 80 रुपये किलो. आखूड, जाड दाणा. गिरणीत फार घासलेला नाही, त्यामुळे वरचा तांबूस कोंडा टिकून आहे. रात्री भिजत घालावा आणि सकाळी मंद आचेवर शिजू द्यावा. कुकर लावलात तर ती चव येणार नाही. पेज दाट होते, सोबत भाजलेला खारा बांगडा किंवा कैरीचं लोणचं. लावणीच्या दिवसांत ही पेज पिऊन कुणग्यात (भाताच्या खाचरात) उतरलं की दुपारपर्यंत पोट भरलेलं राहतं.

नाचणी 65 रुपये किलो. चव उत्तम, पण मागच्या पिशवीत बारीक खडे होते. पाखडून, धुऊन, वाळवून मग दळावी लागली. 65 रुपये घेता तर निवडून द्यायला हवी, असं मी तिथल्या काकींना सांगितलं. त्यांनी मुकाट्याने वजन करून बदलून दिली. पिशवीवर दळणाची तारीखही नसते, पीठ घेणाऱ्यांनी विचारून घ्यावं.

हे दुकान मला महत्त्वाचं वाटतं ते नाचणीमुळेच. ती भरड, उताराच्या वरकस जमिनीवर नुसत्या पावसावर होते, आणि तिच्या 100 ग्रॅममध्ये 300 मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅल्शियम असतं. 1990 पासून रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि आमच्या वरकसावर आंबा-काजू लागले. त्याने घरात पैसा आला, ते मी नाकारत नाही. पण त्या उतारावरची नाचणी गेली, तिच्यासाठी तेवढ्या जोराची योजना आली नाही. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ-गव्हाबरोबर भरडधान्यही रेशनवर देण्याची तरतूद आहे, तेव्हा भाव होता किलोला एक रुपया. आमच्या वाडीच्या रेशनवर मात्र मी तांदूळ आणि गहूच बघत आले.

केंद्राने 2025-26 साठी नाचणीचा हमीभाव 4886 रुपये क्विंटल ठरवला, साध्या भाताचा 2369. म्हणजे कागदावर नाचणीला भाताच्या दुपटीहून जास्त भाव आहे. पण दोन-चार मण नाचणी घेऊन बाई जाणार कुठे? गावाजवळ कोणी काटा लावून विकत घेतली, तरच तो भाव तिच्या हातात पडतो. हे दुकान तेच करतं. दारातच वजन, तिथेच रोख. शाळेच्या टोपातली निदान एका दिवसाची नाचणी अशा गटाकडून घ्यावी, असं मला मनापासून वाटतं. आंबील मुलं आवडीने पितात, ती शिजवायलाही मला जास्त वेळ लागणार नाही.

बियाण्याचं सांगायचं राहिलं. वालयचं बी इथे पैशाने मिळत नाही. एक पायली न्यायची, सुगीनंतर दोन परत आणायच्या. शेतकऱ्याने आपलं बी राखावं, एकमेकांना द्यावं, हा हक्क 2001 च्या पीक वाण संरक्षण कायद्याने दिलाच आहे. मात्र वालय उंच वाढतो, युरियाचा मारा केलात तर वाऱ्यात लोळतो. शेणखतावरच घ्या.

नवा तांदूळ दिवाळीनंतर येतो आणि शिमग्यापर्यंत संपत येतो. वर्षाचा भरायचा असेल तर आधी सांगून ठेवा, आणि पिशवी घरून न्या.